भुतांची खानेसुमारी

मुंबईत माझगावच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये १९१५ साली छापून निघालेल्या, कोकणच्या लोकसमजुतींवरील एका इंग्रजी ग्रंथाची पाने उलटू लागले की वाचकाचे लक्ष मुख्य मजकुरापेक्षा तळटीपांकडेच वारंवार ओढले जाते. कारण तेथे पंडितांचे, पोथ्यांचे वा शिलालेखांचे दाखले क्वचितच आढळतात, आणि ‘शाळामास्तर, दाभोळ’, ‘शाळामास्तर, आंजर्ले’, ‘शाळामास्तर, आचरे’, ‘शाळामास्तर, मालवण’ अशी, हुद्दा आणि गाव एवढ्यावरच पुरी होणारी साक्ष मात्र पानोपान नोंदलेली असते. वेताळ कोणत्या रात्री फेरीस निघतो, मुंजा कोणत्या झाडावर वसतो, बाळंतपणात दगावलेली स्त्री कोणत्या रूपाने परत येते, लागलेले भूत काढण्यासाठी कोणास बोलावतात आणि तो येऊन काय करतो, हा सारा तपशील या मास्तरांनी आपापल्या गावी विचारून सरकारी अंमलदारास कळविला, आणि त्या उत्तरांच्या राशीतून हा ग्रंथ उभा राहिला. मुखपृष्ठावर नावे दोन आहेत : साहित्य गोळा करणारे कैलासवासी ए. एम. टी. जॅक्सन आणि ते संकलित करणारे आर. ई. एन्थोवेन, दोघेही आय. सी. एस.

भुताखेतांचा अभ्यासक म्हटला की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे नारायण धारपांचे समर्थ उभे राहतात. संकटग्रस्ताची हकीगत स्वस्थपणे ऐकून घेणारे, अनिष्ट शक्तीचे स्वरूप ओळखणारे आणि अखेरीस तिच्याशी स्वतः सामना देणारे ते सत्पुरुष आहेत, आणि त्यांच्यावर आमच्या दोन-तीन पिढ्यांनी मनापासून प्रेम केले. परंतु ज्या जिल्ह्यात भुतांच्या गोष्टी ऐकल्यावाचून कोणाचेच बालपण सरले नाही, त्या रत्नागिरीत या विषयाचा खराखुरा, पद्धतशीर आणि दफ्तरी शोध ज्यांनी घेतला ते गृहस्थ समर्थांहून फारच निराळे होते. ते कोणाशीही झुंजले नाहीत. त्यांनी विचारले, ऐकले आणि लिहून ठेवले. त्यांच्या या कामाची योग्यता आपल्याकडे अद्याप कोणी मोजलेली नाही, आणि ती मोजावी म्हणून हा लेख.

त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. उत्तरेस सावित्रीच्या मुखापासून दक्षिणेस वेंगुर्ल्याच्या पलीकडपर्यंत पसरलेल्या त्या मुलखात मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके समाविष्ट होते आणि सावंतवाडीचे संस्थान तेवढे वेगळे होते. सिंधुदुर्ग जिल्हा त्यातून निघाला तो १९८१ साली. जमिनीत पीक थोडे आणि घरात खाणारी तोंडे फार, अशा या प्रदेशाने मुंबईस गिरणीकामगार दिले, लष्करास शिपाई दिले आणि इलाख्याच्या शाळाखात्यास शिक्षक दिले. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला तेव्हा त्यांचे वडील गंगाधरपंत तेथे शिक्षकच होते, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहून पुढे भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हेही शतकाच्या आरंभी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवीत होते. खेड्यातील शाळामास्तराचा अधिकार अर्थातच याहून लहान. पण गावातील त्याचे स्थान विलक्षण होते. बहुधा पोस्टाची थैली त्याच्याचकडे उघडे, मुंबईहून आलेली पत्रे निरक्षर आईबापांना तोच वाचून दाखवी, त्यांची उत्तरेही तोच लिही, आणि त्यामुळे कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची सून माहेरी का गेली, कोणत्या घरात देवस्कीवर किती खर्च झाला, हे त्याला विचारल्यावाचून ठाऊक होई. सरकारने भुतांविषयी प्रश्न विचारण्यासाठी याच माणसाची निवड केली, यात मला मोठे औचित्य दिसते. कारण गावाचे गुपित आणि सरकारचा कागद या दोहोंशी ज्याचा नित्याचा संबंध होता, असा दुसरा माणूस गावात नव्हता.

प्रश्न धाडणारा जॅक्सन हाही सामान्य अंमलदार नव्हता. संस्कृताच्या व्यासंगामुळे लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी अपुरा ठेवलेला गुजराथचा प्राचीन इतिहास त्याने पुरा केला आणि तो १८९६ साली मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला. दगडावरचे व ताम्रपटावरचे लेख वाचणाऱ्या या विद्वानास, जिवंत माणसांच्या तोंडी असलेली समजूत हाही एक लेखच आहे आणि तोही झिजण्यापूर्वी उतरून घेतला पाहिजे, असे वाटू लागले. भूमिका सिद्धच होती. गॅझेटियरांचे संपादक सर जेम्स कॅम्बेल यांनी १८८५ साली, माणसाच्या बहुतेक सर्व चालीरीतींच्या मुळाशी भुतांचे भय आहे, असे प्रतिपादन करणारी टिपणे प्रसिद्ध केली होती. आणि विल्यम क्रुक याने उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरचा ग्रंथ १८९४ साली सिद्ध केला होता. कोकणच्या ग्रंथातील प्रकरणांची मांडणी पाहिली, म्हणजे निसर्गशक्ती, वीरदैवते, रोगांच्या देवता, पितर व संत, अपमृत्यू पावलेल्यांची उपासना, चेटूक असा क्रम पाहिला, की क्रुकचा नमुना डोळ्यांपुढे असल्याचे ध्यानात येते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण या सबंध उद्योगाचा प्राण तीत आहे. लंडनमध्ये १८८२ साली स्थापन झालेल्या मनोव्यापार-संशोधन संस्थेनेही अशीच एक प्रश्नावली काढली होती. पूर्ण जागे असताना, बाह्य कारण नसूनही, आपणांस कोणी दिसल्याचा, कोणी स्पर्श केल्याचा अथवा कोणाचा आवाज ऐकू आल्याचा अनुभव कधी आला आहे काय, असे तिने सुमारे १७,००० माणसांस विचारले आणि १८९४ साली त्याचा अहवाल छापला. दर दहांपैकी जवळजवळ एकाने होकार दिला होता. त्या विद्वानांना भूत आहे की नाही याचा निवाडा करावयाचा होता, म्हणून त्यांनी एकेका माणसाची जबानी घेतली आणि तिची रुजुवात करण्यात आपली सारी बुद्धी खर्च केली. कोकणातील प्रश्नकर्त्याने निवाड्याचा प्रश्नच दूर ठेवला. तुमच्या गावी काय मानतात, एवढेच त्याने विचारले. आणि मास्तरांनीही ‘असे समजतात’, ‘अशी श्रद्धा आहे’ या मर्यादेत राहून उत्तरे दिली. ज्याचा भुतांवर विश्वास होता त्याने गावाच्या समजुतीला स्वतःच्या अनुभवाची भर घातली नाही, आणि ज्याचा नव्हता त्याने उपहासाचा शेरा मारला नाही. स्वतःचे मत आवरून दुसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे उतरवून घेणे ही संशोधकाची अत्यंत दुर्मिळ सवय असून, ती या खेडोपाडीच्या शिक्षकांच्या अंगी होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता प्रत्यक्ष यादीकडे वळू. कोकणात नुसते भूत असे क्वचितच कोणी म्हणतो. भुताला जात असते, वय असते, मरणाचे कारण असते आणि राहण्याचे ठिकाण असते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच वारला, असा ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. धनाच्या अथवा घरादाराच्या लोभात ज्याचा जीव अडकला तो समंध होतो आणि पुरलेल्या ठेव्यावर बसतो. विद्येचा ताठा बाळगून मेलेला ब्राह्मण ब्रह्मग्रह होतो. मुसलमानाचे भूत खवीस. पाण्यात वावरून रात्रीच्या वाटसरूस भुलविणारा तो गिऱ्हा. देवचाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला वर्षाचा नारळ, कोंबडा वेळच्या वेळी मिळत राहिला तर तो गावाच्या सीमेवर राखण करतो, आणि दक्षिण कोकणात तर त्याच्याविषयी भयापेक्षा आदरच अधिक आढळतो. आणि या सर्वांचा अधिपती वेताळ. आरवलीच्या वेतोबाला आजही भाविक केळीचे घड आणि भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण रात्री गावभर फिरून तो त्या झिजवितो, अशी श्रद्धा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे पुण्याच्या परिसरातील डोंगरवाटा तुडवीत वेताळांची आणि म्हसोबांची ठाणी शोधीत हिंडले आणि त्या दगडांत त्यांना अतिप्राचीन समाजाच्या पाऊलखुणा दिसल्या. त्या विचाराची कच्ची सामग्री मास्तरांच्या उत्तरांत आधीच आलेली होती.

गावागणिक अर्थ बदलतात, हेही या नोंदींचे वैभव आहे. एका गावी जी जखीण ती दुसऱ्या गावी हडळ, एका खाडीकाठी जो उपद्रवी तो पुढच्या खाडीकाठी राखणदार; आणि प्रत्येक विधानाखाली गावाचे नाव असल्यामुळे हे भेद पुसले गेले नाहीत. सबंध कोकणाची मिळून एकच सोयीस्कर व्याख्या करण्याचा मोह एन्थोवेनने आवरला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तथापि या यादीत माझे मन सर्वांत अधिक गुंतते ते बायकांच्या भुतांपाशी. हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण. कोणी बाळंतपणात अथवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली, कोणी गर्भार असतानाच गेलेली, कोणी विधवा, कोणी सवाष्ण असून अतृप्त मनाने मेलेली. पुरुषांच्या भुतांचे वर्गीकरण जातीने आणि धंद्याने होते. स्त्रियांचे होते ते नवऱ्याच्या हयातीवरून आणि प्रसूतीवरून, म्हणजे जिवंतपणी ज्या दोन गोष्टींनी त्यांची किंमत ठरे त्याच दोन गोष्टींवरून. दाईच्या अज्ञानामुळे, अस्वच्छ काळोख्या बाळंतिणीच्या खोलीमुळे, लागोपाठच्या गर्भारपणामुळे घरोघर स्त्रिया मरत असताना त्या मरणांची दाद लागण्याचे ठिकाण कोठेच नव्हते. सरकारी मृत्युनोंदीत एक आकडा वाढे, आणि गावाच्या स्मरणात एक हडळ. सासू जिला छळते ती सून मेल्यावर जखीण होऊन त्याच घरी येते, हे जेव्हा गाव मानते तेव्हा छळ झाला होता ही गोष्टही ते कबूल करीत असते. घाड्यासमोर किंवा भगतासमोर जेव्हा एखादी बाई घुमू लागते आणि ‘मी अमुक’ म्हणून मेलेल्या जावेच्या नावाने बोलू लागते, तेव्हा एरवी जे बोलण्याची तिची छाती झाली नसती ते सारे ती घरच्या वडीलधाऱ्यांसमक्ष बोलते, आणि ते मुकाट्याने ऐकून घेतात. ही कैफियत दिवाणी अथवा फौजदारी कोर्टात कधी दाखल होऊ शकली नसती.

आणि तरीही त्या मास्तरांनी स्वतः बायकांना विचारले होते काय? बहुधा नाही. गावचा गुरव, घाडी, खोत, वयोवृद्ध शेतकरी यांच्याशी बोलून त्यांनी उत्तरे लिहिली असावीत, कारण परक्या स्त्रीशी अशा विषयावर बोलणे त्या काळच्या शिक्षकाला अशक्यच होते. शिवाय बहुतेक शिक्षक उच्चवर्णीय, त्यामुळे महारवाड्यातील भुते त्यांना गावकुसाच्या आतूनच दिसली. हा दोष ज्या समाजाने त्यांना घडविले त्याचा आहे, आणि तो लक्षात ठेवूनच ते कागद वाचले पाहिजेत.

जॅक्सनला हा ग्रंथ पाहावयास मिळाला नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ देवलांच्या ‘शारदे’चा प्रयोग असताना, अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. जॅक्सन नाशिकचा कलेक्टर होता आणि बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल त्याच वर्षी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्या शिक्षेचा सूड हे या वधाचे कारण. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कान्हेरे तेव्हा केवळ १८ वर्षांचा होता, आणि त्याचे मूळ गाव आयनी हे खेड तालुक्यात, म्हणजे याच रत्नागिरी जिल्ह्यात, येते. ज्या जिल्ह्यातील शिक्षक जॅक्सनला आपल्या गावाच्या अंतरंगातील गोष्टी लिहून पाठवीत होते त्याच जिल्ह्याच्या मुलाने, परसत्तेचा प्रतिनिधी म्हणून, त्याचे प्राण घेतले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. विद्याव्यासंगी माणूस आणि जुलमी राज्याचा अंमलदार एकाच देहात नांदू शकतात, आणि जे राज्य लोकांची भुते मोजीत होते तेच लोकांच्या कवितांबद्दल जन्मठेप देत होते, हे आपण कोणतीही बाजू झाकून न ठेवता सांगितले पाहिजे.

या कथेचा धागा पुढेही रत्नागिरीतच राहतो. जॅक्सनचा वध ज्या पिस्तुलाने झाला ते लंडनहून धाडलेल्या ब्राऊनिंग पिस्तुलांपैकी होते, या आरोपासह चाललेल्या खटल्यांत विनायक दामोदर सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्या. अंदमानातून आणल्यावर १९२४ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही या अटींवर, आणि ते स्थानबद्धत्व १९३७ पर्यंत टिकले. या काळात त्यांनी रत्नागिरीत अस्पृश्यतानिवारणाची चळवळ चालविली, भागोजीशेठ कीरांच्या साहाय्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि पोथीनिष्ठेवर व भाबड्या समजुतींवर कठोर प्रहार करणारे त्यांचे निबंध ‘किर्लोस्कर’ मासिकातून महाराष्ट्रभर वाचले गेले. शाळामास्तरांनी ज्या समजुती नोंदून ठेवल्या होत्या त्या खोट्या आहेत असे येथे प्रथमच मोठ्याने आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगितले गेले. ते सांगणे आवश्यक होते. परंतु समजूत खोटी ठरविल्याने तिच्या पोटातील दुःख संपत नाही. ते शोधून काढण्यास वेगळ्या प्रकारचा तपास लागतो.

तो तपास महाराष्ट्रात पुढे झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीच्या अनेक प्रकरणांचा छडा लावला. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, अशी तक्रार आली की कार्यकर्ते त्या घरी जातात, कोणाचाही अधिक्षेप न करता सर्वांचे म्हणणे ऐकून घेतात, प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतात, कोणती घटना किती वाजता घडली आणि त्या वेळी कोण कोठे होते याचे टिपण करतात. आणि त्या टिपणातून बहुतेक वेळी एकच माणूस पुढे येतो, जो प्रत्येक घटनेच्या वेळी जवळपास असतो. तो बहुधा घरातील सर्वांत दुर्बळ माणूस असतो : सासरी घुसमटलेली सून, शिक्षण तोडलेली मुलगी, दुर्लक्षित मूल. त्याला एकांतात विश्वासात घेतले जाते, त्याची अडचण दूर होईल असे पाहिले जाते, भानामती थांबते. आणि त्याचे नाव घरच्यांना वा गावाला कधीही सांगितले जात नाही. नाव गुप्त ठेवण्याचा हा दंडक मला या सबंध कार्यपद्धतीतील सर्वांत थोर गोष्ट वाटतो. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला.

कोकणात समजुती नोंदण्याचे काम मात्र पुढे तितक्या चिकाटीने झाले नाही. दुर्गाबाई भागवतांनी आणि रामचंद्र चिंतामण ढेऱ्यांनी लोकसाहित्याच्या व लोकदैवतांच्या अभ्यासाला मराठीत शास्त्रीय बैठक दिली. पण गावोगावच्या साक्षी एकाच वेळी, एकाच प्रश्नावलीने, गावाच्या नावानिशी घेण्याचा तसा उद्योग पुन्हा झालेला माझ्या पाहण्यात नाही. अगदी वेगळ्या क्षेत्रात त्याच वळणाचे काम अलीकडे रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, घडले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारीत कातळावरून हिंडले, आणि हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात कोरलेली हत्ती, मासे, मनुष्याकृती यांची प्रचंड शिल्पे जगापुढे आली; ती आज युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. ज्या सड्यावर रात्री चकवा लागतो म्हणून लोक पाऊल टाकीत नसत, तेथे पिढ्यानपिढ्या गुरे चारणाऱ्याला खडकावरची चित्रे ठाऊक होती. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

आता राहिला त्या शाळामास्तरांच्या नावांचा प्रश्न. उत्तर हिंदुस्थानात क्रुकला साहाय्य करणाऱ्या पंडित रामगरीब चौबे यांचे नाव शंभर वर्षे अंधारात होते; साधना नैथानी यांनी हस्तलिखिते तपासून ते उजेडात आणले आणि क्रुकच्या नावावर मोडणाऱ्या लोककथासंग्रहात या गृहस्थाचा वाटा केवढा होता हे दाखवून दिले. रत्नागिरीत हे काम तुलनेने सोपे असावे, कारण येथे गाव आणि हुद्दा दोन्ही छापलेले आहेत. कोकणातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी शताब्दी केव्हाच ओलांडली आहे. कित्येक शाळांच्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे कारकिर्दीच्या सनांसह फळ्यावर रंगविलेली असतात, आणि जेथे फळा नाही तेथे जुनी जनरल रजिस्टरे आणि तपासनिसांच्या शेऱ्यांच्या वह्या कपाटात असण्याचा संभव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९०९ पर्यंत त्या त्या शाळेत कोण होते, एवढे पाहिले तर तळटीपांतील पुष्कळशा साक्षीदारांना नावे मिळतील. दाभोळ, आंजर्ले, आचरे आणि मालवण या चार शाळांपासून आरंभ करता येईल, आणि ते काम त्या त्या गावच्या आजच्या शिक्षकांनीच हाती घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.